नलूचं रडणं

नाचणगावच्या मनकर्णाने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती घरातल्या बैलजोडीलासुद्धा कळायची, इतकी भांड्यांची आदळआपट व्हायची. १९७९ सालच्या दसऱ्यानंतर तिने असंच एक मनावर घेतलं. आपल्या नलूला, दहा वर्षांच्या पोरीला, नाटक कंपनीत पाठवायचं.

वाडीत वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून पुलगावच्या बाजारात विकणारं घर. त्या घरात नाटकाचं नाव कोणी कधी काढलेलं नव्हतं. नवरा बापूराव पाटाचं पाणी वळवता वळवता थांबला आणि फावडं तसंच धरून बायकोकडे बघत राहिला.

"कोन म्हन्ते हे?"

"किसनराव गुरुजी म्हन्ते. सिंदी मेघेत कोकिळाबाई म्हून हाये. आंदी सोता कंपनीत कामं करे, आता कंपनीवाल्यायले मानसं पाहून देते. लहान पोट्टं लागलं का तिच्याच दारात येते सारे. एजंट म्हन्ते तिले."

"म्हंजे अडत्या," बापूराव म्हणाला. "आपन वांगे टाकतो तशी पोट्टी टाकाची काय आता अडत्यापाशी?"

"टाकाची नाई. दाखवाची."

बापूरावाने फावडं पुन्हा मातीत घातलं. "तू पाह्य बाप्पा," एवढंच तो म्हणाला. अलीकडे दोन वर्षं तो बहुतेक गोष्टींना असंच म्हणत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांची थोरली, जयवंता, तापाने गेली. चौदा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आईबरोबर सांभाराच्या जुड्या बांधायला बसायची, आणि तिने बांधलेली जुडी बाजारात पोचेपर्यंत कधी सुटली नाही. ती गेली, आणि तिच्या मागे आठ वर्षांची नलू बोलायची बंद झाली. मुकी नव्हती. हो, नाही आणि भूक नाही, एवढं बोलायची, पण त्यापुढे तोंडाला कुलूप. मनकर्णाने अंगारे केले, पुलगावचा डॉक्टर केला. डॉक्टर म्हणाला, घसा ठीक आहे, पोरगी हुशार आहे, धीर धरा. धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे काही त्याने सांगितलं नाही.

आणि यंदाच्या गणपतीत किसनराव गुरुजींनी बसवलेल्या नाटकात ही पोरगी अर्धा तास बोलली. गुरुजींनी तिला कुंभाराच्या पोरीचं काम दिलं होतं, ते केवळ उंची जमली म्हणून. मांडवात बायकांच्या मधोमध बसलेल्या मनकर्णाने आपल्या लेकीचा आवाज दोन वर्षांनी ऐकला. खणखणीत आवाज. शेवटच्या रांगेतला माणूसही मान डोलवत होता. मनकर्णाला हसावं की रडावं कळेना. रडू तर तिला तसंही येत नव्हतं. पोरगी बोलते, फक्त आपल्याशी बोलत नाही, हे तिला त्या मांडवात कळलं, आणि ते फार लागलं. घरी येऊन तिने नलूला विचारलं, "नाटकात जाशीन?" नलूने जोरात मान हलवली आणि वर "हो" म्हणाली. मग मनकर्णाने ठरवलं. आपल्याजवळ मुकी राहण्यापेक्षा दुसऱ्यांमध्ये बोलती राहिलेली बरी. आवाज तरी जिवंत राहील पोरीचा.

दिवाळीनंतर एक कंपनी तीन महिन्यांच्या दौऱ्यावर निघणार होती आणि तिला दहा वर्षांची मुलगी हवी होती. हेही गुरुजींकडूनच कळलं. तेव्हा एका शुक्रवारी मनकर्णाने नलूला न्हाऊमाखू घातलं, शेजारणीच्या पोरीचा झालरीचा फ्रॉक मागून आणला, तोंडाला पावडर लावली, आणि बाजारात मालावर पाणी शिंपडतात तसा हात पाण्यात बुडवून केस चापून चोपून बसवले. बरोबर वांग्यांची टोपली घेतली. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं नाही, ही तिच्या माहेरची शिस्त.

वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेतलं कोकिळाबाईंचं घर दोन खोल्यांचं होतं. बाई पन्नाशी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र असा की बाहेरून जाणाऱ्या सायकलवाल्याने ब्रेक लावावा. तिने नलूकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काढलं, "भिंतीले चुना मारल्यावानी पोट्टी आणली बाई तुम्ही. आधी तोंड धुऊन आणा तिचं."

मनकर्णा ओशाळली. मोरीवर नेऊन तिने पोरीचं तोंड धुतलं. तोवर कोकिळाबाईंनी टोपलीवरची दोन वांगी उचलून खाली हात घातला होता. बाजारातलं गिऱ्हाईक घालतं तसाच.

"वर-खाली सारखीच दिसतात," त्या म्हणाल्या.

"इकाले नाई आनले बाई. तुमच्यासाठी आनले," मनकर्णा म्हणाली. तिला थोडा राग आला होता, आणि थोडं बरंही वाटलं होतं. ही बाई माल बघून घेणारी आहे. अशी बाई फसवत नाही.

मग कोकिळाबाईंनी नलूला चालायला लावलं, दारातून धावत यायला लावलं, कागदावरचं वाचायला लावलं. नलूने सगळं केलं. घरात कोणीतरी दुसरीच मुलगी शिरावी तशी ती वावरत होती. मनकर्णा भिंतीला टेकून बघत बसली होती.

"आता रडून दाखव," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुझ्या घरचं माणूस गेलं असं समज."

कोकिळाबाईंना काय माहीत! मनकर्णाने तोंड उघडलं होतं, पण नलू खाली बसलीसुद्धा. तिने मांडी घातली. नसलेला पदर डोक्यावरून तोंडावर ओढला, आणि हेल काढला.

"जयू वं, माह्ये बाई वं... तुह्यी रिबीन अजून खुटीलेच हाये वं... सांभाराच्या जुड्या कोन बांधन वं माह्यासंगं... तुह्या हातची जुडी कदी सुटली नाई वं बाई, तूच कशी सुटून गेली वं..."

शब्द न् शब्द मनकर्णाचा होता. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे चिरकायचा, सगळं तिचं होतं.

आपल्याकडे माणूस गेलं की भेटायला येणारी बाई गावाच्या वेशीपासूनच सूर लावते. घरात शिरते ती घरच्या बाईच्या गळ्यात पडते. मग घरच्या बाईनेही रडायचं असतं, नुसतं डोळे पुसून चालत नाही, शब्दांनी रडायचं. आलेली प्रत्येक बाई नवी, म्हणून रडणंही प्रत्येक वेळी पहिल्यापासून. जयवंताच्या वेळी बारा दिवसांत चाळीस तरी बायका आल्या असतील. मनकर्णा चाळीसदा हेच बोलून रडली होती, आणि नलू सगळे दिवस तिच्या मांडीवर होती.

नलू थांबली. कोकिळाबाईंनी चष्मा काढून पुसला.

"परत कर," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून."

नलूने नाक पुसलं, मांडी सारखी केली आणि पुन्हा हेल काढला. तेच शब्द, तोच सूर, तेच पाणी डोळ्यांत.

मनकर्णाच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं जी गोष्ट तिने कोणालाही, नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती तिच्यासमोर मांडी घालून बसली होती. बाराव्या दिवशी जामहून नणंद आली होती, देवकाबाई. रस्ता पाण्याखाली होता म्हणून तिला उशीर झाला. ती वेशीपासून रडत आली आणि गळ्यात पडली. मनकर्णाने सूर लावला, शब्दही आले, एकामागून एक, पाठ झाल्यासारखे. पण डोळ्यांत पाणी येईना. आतून काहीच येईना. रडता रडता तिच्या मनात आलं होतं की वांग्यांना चार दिवस कोणी बघितलं नाही, अळी पडली असेल. पोटची पोर जाऊन बारा दिवस झाले आणि आपण वांग्यांचा विचार करतो! तिने पदर पुढे ओढला आणि कोरड्या डोळ्यांनी रडण्याचं नाटक केलं. तेव्हापासून तिला एकदाही रडू आलं नव्हतं. ही आपल्याला शिक्षा झाली, असंच ती समजत होती.

आणि आता पोरगी तेच करत होती. खोटं रडायचं आपल्याकडूनच शिकली, मनकर्णाला वाटलं, आणि लाजेने तिचे कान तापले. लाज झाकायला माणूस रागच हाताशी धरतो. तिने उठून नलूच्या दंडाला धरलं.

"चाल. घरी चाल."

"काय झालं बाई?" कोकिळाबाई म्हणाल्या.

"माह्या मेलेल्या पोरीचं रडनं हाये हे! कंपनीत लोकायले दाखवाले नाई ठेवलं!"

"मला कसं माहीत असणार?" कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमची पोरगी आहे, तुम्ही ठरवा. कंपनीचा माणूस सोमवारी येतो. आर्वीची एक मुलगी आहे माझ्याकडे, पण ती हिच्या पासंगाला पुरत नाही. सांगून ठेवते."

मनकर्णा ऐकायला थांबली नाही. वांग्यांची टोपलीही तिथेच राहिली.

वर्ध्याच्या एसटी स्टँडवर पुलगावच्या गाडीला अवकाश होता. दोघी बाकावर बसल्या. नलू पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

"माय, माह्यं चुकलं काय?"

चार शब्द. दोन वर्षांत तिने आपणहून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. मनकर्णाचा राग तिथेच ढासळला.

"तसं रडनं तुले कोनं शिकवलं?"

"कोनंच नाई." नलू अजून फरशीकडेच बघत होती. "जामवाली देवका आत्या आलती ना, तवा तुह्या डोयात पानी नोतं."

मनकर्णाचा हात आपोआप पदराकडे गेला.

"मी तुह्या मांडीवर होती. मले खालून दिसे. आत्या तुह्या पदर बाजूले करून राह्यलती, तोंड पाहाले. मले वाटलं, आता तिले समजन. मंग थे साऱ्या बायायले सांगन का हिची पोरगी मेली तरी हिले रडू नाई येत. म्हून मी रडली. मलेबी येत नोतं तवा. मी आनलं."

आणि मनकर्णाला तो दिवस जसाच्या तसा आठवला. देवकाबाईंचा हात पदरापाशी आला होता आणि तेवढ्यात मांडीवरची नलू किंचाळली होती. जमिनीवर अंग टाकून, हातपाय झाडत, तिच्याच शब्दांत आकांत केला होता पोरीने. पोरीच्या जिवाला लागलं वं, म्हणत सगळ्या बायका तिच्याकडे धावल्या. देवकाबाई पाणी आणायला पळाल्या. त्या गडबडीत मनकर्णाने पदराआड श्वास सोडला होता आणि देवाचे आभार मानले होते. वाचवलं ते आठ वर्षांच्या लेकीने, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"मंग बोलनं काऊन बंद केलं वं बाई तू?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता.

"बोलली असती तं निंगून गेलं असतं तोंडातून. कोनाजवळ तरी." नलू म्हणाली. "नाटकात नाई निंगत. तिथं गुरुजीनं लिहून देल्लं थेच बोला लागते. त्यात हे येत नाई."

मनकर्णा बाकावर बसून राहिली. शेजारी एक म्हातारा शेंगा सोलत होता, टरफलं तिच्या पायाशी पडत होती. दोन वर्षं अंगारे-धुपारे केले, डॉक्टरचं दार झिजवलं, आणि पोरगी आईची लाज राखत तोंड मिटून बसली होती. तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं, पण डोळ्यांपर्यंत ते आलं नाही.

"आता सांगून टाकलं ना मले," ती म्हणाली. "आता मोकयी झाली तू. आता घरी बोलशीन?"

"हो."

"माह्यासंगं? बाबासंगं?"

"हो."

पुढचा प्रश्न विचारायची मनकर्णाची छाती होत नव्हती. ज्यासाठी पोरीला पाठवायचं होतं ते तर इथेच, या बाकावर, मिळालं होतं. आता गाडीत बसायचं, घरी जायचं, आणि पोरगी चुलीपाशी बसून रोज बोलणार. तरी तिने विचारलं, कारण आज खोटेपणा करायचा नाही असं तिला वाटलं.

"मंग आता नाटकात नाई गेली तं चालन?"

नलूने बराच विचार केला. "नाई," ती म्हणाली. "मले जाच हाये. मले तिथं चांगलं वाटते माय."

पुलगावची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मनकर्णा उठली, पोरीचा हात धरला आणि गाडीच्या मागच्या बाजूने वळून पुन्हा सिंदी मेघेचा रस्ता धरला.

कोकिळाबाई जमिनीवर बसल्या होत्या. टोपली पालथी केलेली होती आणि समोर वांग्यांचा ढीग होता.

"तळालाही चांगलीच निघाली," त्या म्हणाल्या. "बसा."

"मी पाठवतो हिले," मनकर्णा उभ्यानेच म्हणाली. "पन येक गोष्ट. जयूचं रडनं ही कंपनीत रडनार नाई. दुसरं काईबी रडाले लावा. त्या शब्दायले हात नाई लावाचा."

कोकिळाबाईंनी नलूकडे बघितलं, मग आईकडे. "नाटकात शब्द लिहिणाऱ्याचे असतात बाई," त्या म्हणाल्या. "तुमचे तुमच्या घरी राहू द्या. मी स्वतः दौऱ्यावर असते. माझ्याजवळ झोपेल, माझ्या ताटात जेवेल. होळीला मी हिला नाचणगावला आणून सोडते. नाही आणली तर माझ्या दारात येऊन मला चार शिव्या द्या."

"चारात नाई भागनार," मनकर्णा म्हणाली, आणि दोघी थोड्या हसल्या.

दौरा निघेपर्यंत मध्ये पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत नलू दोन वर्षांचं बोलून मोकळी झाली. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बापाशी बोलली, बैलांशी बोलली, झोपेतही बोलली. बापूराव आधी चक्रावला, मग त्याची पाठ ताठ झाली, आणि मग एका सकाळी सांभार उपटता उपटता तो बायकोला म्हणाला, "आता तं बोलून राह्यली पोट्टी. मंग पाठवून काऊन राह्यली तू तिले?"

मनकर्णाला हा प्रश्न रोज चार वेळा पडत होता. मुकी पोर पाठवणं सोपं होतं, बोलती पाठवायची म्हणजे जिवावर येत होतं. चूल एकदा गजबजली की पुन्हा रिकामी करवत नाही. तरी ती म्हणाली, "तिनं माह्यासाठी दोन साल तोंड शिवून ठेवलं. मी तिच्यासाठी तीन महिने नाई काढू काय?" बापूरावाला अर्थ लागला नाही. त्याने विचारलंही नाही, उपटलेला सांभार तेवढा तिच्यापुढे सारला.

निघायच्या दिवशी नलूने आईबरोबर बसून जुड्या बांधल्या. पाच-सहाच बांधल्या असतील. तिच्या जुड्या सैल होत्या, हातात घेताच काड्या निसटत होत्या. मनकर्णाने त्या पुन्हा बांधल्या नाहीत. तशाच बाजूला ठेवल्या.

सिंदी मेघेत कोकिळाबाईंच्या दारापुढे कंपनीची गाडी उभी होती. कनाती, पेट्या, पडदे चढत होते. नलूची पिशवी कोकिळाबाईंनी आपल्या पेटीवर ठेवली. मनकर्णाने लेकीला जवळ घेतलं. पोरीला पाठवताना चार शब्द बोलून रडायची रीत आहे, आणि रीतीप्रमाणे तिने तोंड उघडलं. पण शब्दच येईनात. नीट राहजो, जेवजो, एवढंसुद्धा येईना. तिने सवयीने पदर पुढे ओढून घेतला.

नलूने हात वर केला. देवका आत्याने धरला होता तसाच तिने आईचा पदर धरला आणि बाजूला सारला. खालून, नीट निरखून, तिने आईच्या डोळ्यांत बघितलं.

"हाये," ती म्हणाली. "पानी हाये."

मग तिने आपल्या फ्रॉकच्या घेराने आईचे गाल पुसले, एक आणि मग दुसरा.

"मंग आता मले नाई रडा लागत माय," नलू म्हणाली, आणि गाडीत चढली.